मुंबईत जखमी पक्षी किंवा वन्यप्राणी सापडला, तर पहिल्या तासात काय करायचं

मुंबईत राहायला आलात की वर्षा-दोन वर्षांत कधीतरी हे होतंच. गच्चीवर मांज्यात गुरफटलेली घार सापडते, जिन्याच्या खिडकीत घुबडाचं पिल्लू दिसतं, माळ्यावर उदमांजर शिरतं किंवा पार्किंगमध्ये कोणीतरी साप बघतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कोणाला बोलवायचं?' असा मेसेज पडतो आणि पुढची वीस मिनिटं नुसते सल्ले येत राहतात. हा लेख त्या वेळेसाठी आहे. पक्षी-प्राणी वाचवण्याचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, मदत पोचण्याआधी होणारं बरंचसं नुकसान दयेपोटी झालेलं असतं. कोणी चोचीत पाणी ओततं, कोणी दूध-पोळी भरवतं, कोणी जखमेवर हळद लावतं, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी 'बिचारा कसा आहे' म्हणून खोका उघडतं. तुमचं काम त्याला बरं करण्याचं नाही. त्याला शांत, अंधारात आणि सुरक्षित ठेवून योग्य हातांत पोचवलं की तुमचा वाटा पूर्ण झाला.

आधी थांबून बघा

जमिनीवर दिसणारं प्रत्येक पिल्लू संकटात नसतं. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत मुंबईत कावळे, साळुंक्या, बुलबुल, घारी, बगळे यांची पिल्लं घरट्याबाहेर पडत असतात. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारणारी पिल्लं उडायला शिकत असतात आणि आईबाप जवळच असतात. कावळ्याचं पिल्लू निळसर डोळ्यांवरून आणि तोंडाच्या आतल्या लालसर रंगावरून ओळखता येतं. त्याच्याजवळ गेल्यावर दोन मोठे कावळे तुमच्या डोक्यावर झडप घालू लागले, तर पिल्लाची काळजी घेणारं कोणी आहे असं समजा आणि मागे व्हा. रस्त्यावर असेल किंवा मांजर टपलेलं असेल, तर उचलून जवळच्या झुडपात किंवा भिंतीवर ठेवा, तेवढं पुरे.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समज पक्का रुजलेला आहे, पण तो खोटा आहे. पिसं न आलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू घरट्यातून पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल, तर सरळ परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर छोटी टोपली घ्या, तळाला पाणी निघून जाईल अशी भोकं असू द्या, आत काथ्या किंवा सुकं गवत घाला आणि त्याच झाडाला जमेल तितक्या उंच बांधा. मग लांब जाऊन दोन तास लक्ष ठेवा. खाली उभं राहून वर बघत राहिलात तर आई येणार नाही. खारीच्या पिल्लांचंही तसंच. उघड्या खोक्यात फडकं घालून सापडली त्याच जागी ठेवली, तर आई एकेक करून तोंडात धरून नेते. अंधार पडेपर्यंत आली नाही तर मात्र फोन करा.

मदत कधी नक्की लागते? रक्त दिसत असेल, एक पंख लोंबत असेल, अंगावर माश्या किंवा अळ्या असतील, मांजा गुंडाळलेला असेल, विजेचा झटका बसला असेल. घार किंवा घुबडासारखा मोठा पक्षी तुम्ही जवळ गेलात तरी हलत नसेल. दिवसाढवळ्या वटवाघूळ जमिनीवर पडलेलं असेल. आणि मांजराच्या तोंडातून सुटलेला कोणताही पक्षी, मग तो वरून धडधाकट का दिसेना. मांजराच्या दातांची जखम पिसांखाली दिसत नाही, पण तिच्यातला जंतुसंसर्ग एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेतो. त्याला औषध लागतंच.

एकाच ठिकाणी बरेच कावळे किंवा इतर पक्षी मेलेले, झिंगलेले दिसले तर हात लावू नका, महापालिकेला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता.

फोन: १९२६

महाराष्ट्र वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ या टोल-फ्री नंबरवर आहे. पहिला फोन तिथेच करा. त्यांच्याकडून निरोप त्या भागातल्या वनकर्मचाऱ्यांना जातो. मुंबईत अनेक प्राणीप्रेमी संस्था आणि मानद वन्यजीव रक्षक वन विभागाबरोबर काम करतात, त्यामुळे बऱ्याचदा दारात येणारा माणूस स्वयंसेवक असतो. पक्षी उंच झाडावर किंवा तारेवर मांज्याला लटकत असेल, तर १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. असे पक्षी काढायला ते येतात. बांबू घेऊन पाण्याच्या टाकीवर किंवा पत्र्यावर तुम्ही चढू नका.

फोनवर 'एक पक्षी पडलाय, लवकर या' एवढंच सांगितलं तर निम्मा वेळ प्रश्नोत्तरांत जातो. असं सांगा: "घाटकोपर पूर्व, पंतनगर, अमुक सोसायटी, बी विंगची गच्ची. घार आहे. डाव्या पंखात मांजा अडकलाय, रक्त सुकलेलं आहे. खोक्यात ठेवलीये, पाणी दिलेलं नाही. खाली वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय." सोबत एक स्पष्ट फोटो आणि लोकेशन. फोटो लांबून, एकदाच, फ्लॅश बंद ठेवून.

येणारा माणूस लोकलने किंवा स्कूटरवर शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघालेला असू शकतो. तास-दोन तास लागले तर चिडू नका. त्या वेळेत पक्ष्याला नीट ठेवणं तुमच्या हातात आहे. स्वतः नेणं शक्य असेल, तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ओळखते. टॅक्सीवाल्याला तेच नाव सांगा. निघण्याआधी फोन करून खात्री करा आणि वन विभागाला कळवणं चुकवू नका.

उचलायचं कसं, ठेवायचं कशात

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळं ठरतं.

खोका आधी तयार करा, मग पक्ष्याकडे जा. साळुंकी-पोपटाला बुटांचा खोका पुरतो, घारीला किराणा सामानाचा मोठा पुठ्ठ्याचा खोका लागतो. पक्षी आत जाण्यापूर्वीच बाजूंना पेन्सिलीएवढी भोकं पाडून घ्या. तळाला जुनी सुती चादर किंवा ओढणी घाला. नुसता वर्तमानपत्राचा कागद निसरडा असतो, पाय फाकतात. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत नखं अडकतात. लोखंडी पिंजरा वापरू नका: घाबरलेला पक्षी गजांवर आपटून पिसं मोडून घेतो, आणि घारीसारख्या पक्ष्याची उडायची पिसं मोडली की नवी येईपर्यंत त्याला सोडता येत नाही.

पक्ष्याच्या मागच्या बाजूने जा आणि ओढणी किंवा चादर डोक्यासकट पूर्ण अंगावर टाका. डोळ्यांवर अंधार आला की बहुतेक पक्षी धडपड थांबवतात. मग दोन्ही पंख अंगाशी मिटवून, कापडासकट दोन्ही हातांनी उचला. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच श्वास घेता येतो, आणि घट्ट धरल्याने पक्षी हातातच गुदमरू शकतो. घार आणि घुबडाच्या बाबतीत भीती पायांची असते, चोचीची कमी. नखं एकदा रुतली की सुटत नाहीत. बगळा आणि वंचक यांच्या बाबतीत नेमकं उलटं: ती लांब चोच थेट चकाकणाऱ्या डोळ्याकडे येते, म्हणून चष्मा घाला आणि चेहरा लांब ठेवा.

खोका बंद करा, वरून पट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यात शांत खोलीत ठेवा. टीव्ही, एसी, पंखा, पाळलेलं मांजर-कुत्रं यांपासून लांब. पिल्लू असेल किंवा भिजलेला, थंड पडलेला पक्षी असेल, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवा. दुसरी बाजू मोकळी असली की उकाडा वाटल्यास त्याला सरकता येतं.

आता जे करायचं नाही ते. चोचीत पाणी ओतायचं नाही, ड्रॉपरनेही नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, पाणी फुप्फुसात जातं आणि जखमेने न मेलेला पक्षी पाण्याने मरतो. दूध नाही, ते पक्ष्यांना पचत नाही. पाव, भात, बिस्किट नाही. हळद नाही, तेल नाही, मलम नाही: हळदीने जखमेची खोली डॉक्टरांना दिसत नाही आणि तेलाने चिकटलेली पिसं पाण्यापासून, थंडीपासून संरक्षण करू शकत नाहीत. माणसाची वेदनाशामक गोळी तर अजिबात नाही. घरच्या मोठ्यांना हे पटवणं कधीकधी कठीण जातं. आजीने आयुष्यभर प्रत्येक जखमेवर हळदच लावलेली असते. त्यांना सांगा, "आजी, डॉक्टर येताहेत, त्यांना जखम आहे तशी बघायचीये." एवढ्याने काम होतं.

मांजा

संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास असते, पण झाडांत, तारांत अडकलेला मांजा वर्षभर तिथेच राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो. नायलॉन कुजत नाही. रात्री खाद्य शोधायला निघालेली वटवाघळं त्यात अडकतात आणि सकाळी चालायला गेलेल्या माणसांना लटकलेली दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मांजा ओढून सोडवणं. पंख उघडून बघितला तर खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला कातडीचा पातळ पडदा ताणलेला दिसतो. मांजा बहुतेक वेळा तिथेच रुततो, कातडी कापून स्नायूपर्यंत जातो. तुम्ही एक वेढा सोडवायला ओढता आणि दुसरा वेढा आत आणखी कापत जातो. तो पडदा पूर्ण फाटला की पक्षी पुन्हा उडण्याची शक्यता फार कमी उरते.

म्हणून पक्षी हाताच्या अंतरावर लटकत असेल, तर एकाने आधी कापडासकट त्याचं वजन खालून पेलायचं. मग दुसऱ्याने झाडाच्या बाजूचा दोरा कापायचा, अंगापासून वीतभर तरी सोडून. अंगावरचा मांजा तसाच राहू द्या आणि पक्षी खोक्यात ठेवा. वेढे सोडवणं डॉक्टरांचं काम आहे, ते बऱ्याचदा भूल देऊन करावं लागतं. लोंबणारं टोक मात्र खोक्याच्या झाकणात अडकू देऊ नका.

सुटका झाल्यावर जागेवरच्या लोकांना वाटतं की आता उडवून द्यावं. टाळ्या वाजतात, व्हिडिओ निघतात आणि पक्षी समोरच्या इमारतीच्या आडोशाला जाऊन पडतो, जिथे तो परत कोणाला सापडत नाही. मांज्यातून काढलेला पक्षी तपासल्याशिवाय सोडू नका.

काचेला धडकलेले, उन्हाने पडलेले, वाट चुकलेले

लोअर परळ, बीकेसी, पवईच्या काचेच्या इमारतींना पक्षी धडकतात. अशा पक्ष्याच्या अंगावर वरून जखम दिसत नाही, तो नुसता सुन्न बसून राहतो. बंद खोक्यात दोन तास अंधारात ठेवा. त्यानंतर आतून धडपड ऐकू आली आणि दिवस शिल्लक असेल, तर काचांपासून लांब एखाद्या बागेत खोका जमिनीवर ठेवून झाकण उघडा. स्वतःहून उडाला तर ठीक. हवेत भिरकावू नका. नाही उडाला तर झाकण लावा आणि फोन करा. घुबड असेल तर हे सूर्यास्तानंतर.

मे अखेर ते जून, पाऊस येण्याच्या सुमारास, नवरंग नावाचा हिरव्या-निळ्या अंगाचा, पोटाखाली लाल असलेला पक्षी मुंबईतून जातो. थकून दुकानात, बाल्कनीत, जिन्यात शिरतो. लोकांना वाटतं कोणाचा तरी पाळलेला पक्षी सुटलाय, आणि त्याला पिंजऱ्यात घालून दाणे टाकतात. नवरंग किडे-गांडुळं खातो, दाण्यांवर तो उपाशी मरतो.

मार्च ते मे उन्हाच्या तडाख्याने घारी पडतात. पक्षी शुद्धीवर, पायावर उभा असेल, तर सावलीत ठेवून समोर कुंडीखालच्या ताटलीत पाणी ठेवा. स्वतः प्यायला तर चांगलं.

पिंगळा किंवा गव्हाणी घुबड दिवसा बाहेर आलं की कावळे त्याच्यावर तुटून पडतात. जखम नसेल तर संध्याकाळपर्यंत खोक्यात आसरा देणं पुरतं. घुबडाबद्दल एक जास्तीची काळजी घ्या: ते कुठे आहे याची जाहिरात करू नका. जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या आधी, घुबडांचा व्यापार चालतो. पत्ता टाकून पोस्ट करणं धोक्याचं आहे.

पावसाळ्यात जुहू, वर्सोवा, गोराईच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं येऊन लागतात, पुष्कळदा टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकलेली. जमलेले लोक त्यांना परत पाण्यात ढकलतात. या दिवसांत किनाऱ्याला लागलेलं कासव आजारी किंवा अशक्त असतं, ढकललं की लाटांत बुडतं. बादलीत, टबातही घालू नका. सावली करा, ओलं कापड पाठीवर ठेवा पण नाकपुड्या मोकळ्या ठेवा, आणि १९२६ वर सांगा म्हणजे कांदळवन कक्षाला निरोप जाईल. अशा कासवांवर उपचार करणारं केंद्र डहाणूला आहे. किनाऱ्यावर पडलेल्या समुद्री सापाला मात्र, मेल्यासारखा दिसला तरी, हात लावू नका. समुद्री साप अत्यंत विषारी असतात.

ज्यांना हात लावायचाच नाही

माकड, मुंगूस, उदमांजर, कोल्हा, वटवाघूळ. कारण रेबीज. २०२४ साली चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या काही कोल्ह्यांमध्ये तो सापडला होता. जखमी प्राणी असेल त्या जागेचं दार ओढून घ्या, कुत्री आणि मुलं लांब ठेवा, फोन करा. चावा, ओरखडा, उघड्या जखमेला लाळ लागणं, यांतलं काहीही झालं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी केईएम, सायन, नायर, कूपर यांपैकी जवळच्या पालिका रुग्णालयात जा. 'छोटासाच ओरखडा आहे' म्हणून थांबू नका.

विजेच्या तारेचा झटका बसलेल्या माकडाला प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत स्पर्श करू नका. ते उठून झाडावर गेलं तरी वन विभागाला कळवा. भाजल्याच्या जखमा काही दिवसांनी चिघळतात.

साप जखमी असो वा धडधाकट, सर्पमित्र येईपर्यंत एका माणसाने लांबून नजर ठेवायची आणि बाकीच्यांना पांगवायचं. मुंबईत दिसणारे कित्येक साप धामण किंवा दिवड असतात, बिनविषारी. पण नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हेही इथे आहेत. ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. दंश झालाच तर आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, हात-पाय न हलवता सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

दुकानांत, सोसायटीत उंदरांसाठी लावलेल्या गोंदपट्ट्यांना पाली, साप, चिमण्या चिकटतात. ओढून काढू नका, कातडी आणि पिसं सोलली जातात. पक्षी असेल तर उरलेल्या उघड्या गोंदावर टिश्यू पेपर चिकटवा, म्हणजे आणखी अवयव चिकटणार नाहीत, आणि पट्टीसकट खोक्यात ठेवून द्या. सापाच्या बाबतीत तेही नको.

बिबट्या: घरात जा, दारं लावा, १९२६ आणि ११२. बाकी काही नाही.

घरी ठेवून घेऊ का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्यप्राणी सरकारी मालमत्ता आहे, आणि तो तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मदत करणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काही नाही. पण 'बरा झाला की सोडू' म्हणून पोपटाचं पिल्लू महिनोन्‌महिने पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि माणसाळलेला पोपट बाहेर टिकतही नाही.

प्राणी सोपवताना येणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि प्राणी कुठे जाणार हे विचारा. खरं काम करणारा माणूस या प्रश्नांवर रागावत नाही. साप गळ्यात घालून रील काढणाऱ्याच्या हातात काहीच देऊ नका. सापडल्याची नेमकी जागा लिहून द्या, कारण बरा झालेला प्राणी शक्यतो त्याच भागात सोडतात. चार दिवसांनी चौकशी करा. सगळे वाचत नाहीत. पंख कायमचा निकामी झालेल्या, वेदनेत असलेल्या पक्ष्याला शांतपणे मरण देण्याचा निर्णय कधी डॉक्टरांना घ्यावा लागतो, आणि तो ऐकायला जड जातो. तरी तो निर्णय त्यांचाच असू द्या.

वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये या गोष्टी आजच ठेवा: घडी केलेले दोन पुठ्ठ्याचे खोके, एक लहान, एक मोठा, जुनी सुती चादर, चामड्याचे जाड हातमोजे, बोथट टोकाची कात्री, चिकटपट्टी. नोटीस बोर्डावर १९२६ आणि १०१ मोठ्या अक्षरांत. रात्रपाळीच्या आणि दिवसपाळीच्या दोन्ही वॉचमनना एकदा समोर बसून दाखवा की कापड कसं टाकायचं आणि पाणी का द्यायचं नाही. खाली पडलेला पक्षी सर्वांत आधी त्यांनाच दिसतो.